पांढऱ्या उंदरांचा सोमवार

आडत्याच्या दुकानात उंदीर व्याला, ही नळदुर्गच्या पेठेत बातमी नव्हती. धान्य तिथं उंदीर आणि उंदीर तिथं लेकरं, यात नवल कसलं? पण नागपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी महालिंगप्पांच्या तागडीत जो उंदीर निघाला तो पांढराशुभ्र होता. डोळे गुंजेसारखे लाल. अणदूरच्या धोंडीबाची ज्वारी पारड्यात पडत होती आणि तिच्या ढिगावर हे महाराज असे बसले होते, जणू माल त्यांचाच आणि मोजून घ्यायला तेच आलेत.

"मालक," धोंडीबा सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ह्ये वजनात धरायचं का वजा करायचं?"

पेठ हसली. समोरचा कापडवाला हसला, पानवाला हसला, रस्त्यानं चाललेला चावडीवरचा शिपाई मुद्दाम थांबून हसला. महालिंगप्पांच्या काट्याला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. निजाम सरकारचे अमलदार येऊन वजनं तपासून गेले, चहा पिऊन गेले, पण खोट काढू शकले नव्हते. त्यांनी उंदराकडं पाहिलं. उंदरानं त्यांच्याकडं पाहिलं. आणि खरं सांगायचं तर नजर आधी महालिंगप्पांनीच खाली घेतली.

"दुकान बंद," ते म्हणाले. "घरात चला समदे."

भर बाजाराच्या वेळी महालिंगप्पांचं दुकान बंद व्हायचं ते फक्त मयताला. त्यामुळं थोड्याच वेळात दोन शेजारी "कोण गेलं?" म्हणून समोरच्या घराशी विचारायला आले. महालिंगप्पांच्या बायकोनं, रुद्रम्मांनी, दारातूनच सांगितलं, "कोणी न्हाय गेलं. उलट आल्यात. मोप आल्यात." आणि दार लोटून घेतलं.

सोप्यात बैठक बसली. महालिंगप्पा लोडाला टेकून, कपाळावरची विभूती घामानं पुसट झालेली. त्यांच्या उजव्या हाताला थोरला लेक महांतप्पा. या गृहस्थाला जगात दोनच गोष्टी मनापासून आवडत, एक दुपारची झोप आणि दुसरी रात्रीची. डाव्या हाताला धाकटा मल्लिनाथ, हैदराबादेहून बी.एस्सी. होऊन आलेला. त्याच्या मांडीवर टोपी होती आणि टोपीत तो उंदीर. भिंतीशी महालिंगप्पांची विधवा बहीण शांताक्का वाती वळत बसली होती. मल्लिनाथनं दुकानामागच्या जुन्या तेलघाण्याच्या खोलीत पिंजऱ्यांत ठेवलेल्या पांढऱ्या उंदरांच्या कपाळाला ती रोज सकाळी विभूती लावी. पांढऱ्यावर पांढरं दिसत नव्हतं एवढंच.

आणि घरचं झालं थोडं म्हणून की काय, वीरप्पाही होता. वीरप्पा म्हणजे महांतप्पाचा मेव्हणा. बहिणीला पंचमीला न्यायला तो पहाटेच जळकोटहून बैलगाडी घेऊन आला होता. त्याची बहीण शिवगंगा, महांतप्पाची बायको, स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. कडेवर दीड वर्षाचं शेंडेफळ. बाकीची चार परसात झोका बांधायला गेली होती.

"मल्ल्या," महालिंगप्पांनी सुरुवात केली, "माघात तू मोटारीतून ती जाळीची पेटी घिऊन उतरलास. जकातीच्या नाक्यावर करोडगिरीवाल्यानं ईचारलं, ह्ये काय? तू म्हनलास, शास्त्र. त्यानं सोडलं. म्या ईचारलं, तू म्हनलास, हिवतापाचं औषध शोधतोय. म्या बी सोडलं. तवा चौदा उंदीर हुते. आज किती हायत?"

मल्लिनाथ टोपीतल्या उंदराचे कान कुरवाळू लागला.

"मोजता येईना का? बी.एस्सी. हायेस."

"एकुणसत्तर," शांताक्का म्हणाली. "काल सांजच्याला. आजचं ईचारू नका."

"हिवतापाच्या औषधानं उंदीर वाढत्यात व्हय?"

मल्लिनाथला आणखी एक थाप मारता आली असती. उंदरांना हिवताप आवडतो, असंही सांगितलं असतं तरी अप्पांनी मान डोलावली असती. पण सहा महिने तो रोज उठून त्या पिंजऱ्यांशी खरं बोलत आला होता. माणसांशी खोटं बोलण्याची सवय मोडली होती. तो म्हणाला, "अप्पा, औषध हिवतापाचं न्हाय. पोरं न होण्याचं हाय."

महालिंगप्पा लोडावरून सरळ झाले. मग वीरप्पाला हसू आवरेना. "पोरं न होण्याचं? आन् चौदाचे एकुणसत्तर?"

"पाव्हणं, तुमी जरा," महालिंगप्पा म्हणाले, पण जरा काय ते त्यांनाच सुचलं नाही.

मल्लिनाथनं सांगायला घेतलं. एकदा शास्त्र सुरू झालं की त्याला बापाचाही धाक वाटत नसे. कॉलेजातले त्याचे प्रोफेसर झाडपाल्यावर काम करत होते. जुन्या वैद्यांनी जास्वंदीच्या फुलांबद्दल लिहून ठेवलंय, ते खरं की खोटं हे उंदरांवर पाहायचं. अर्ध्या माद्यांना जास्वंदीचा काढा भाताच्या पेजेतून पाजायचा. अर्ध्यांना नुसतीच पेज. नर दोन्हीकडं सोडायचे. काढावाल्या माद्या व्यायल्या नाहीत आणि पेजवाल्या व्यायल्या, तर औषध लागू.

"आन् काय झालं?" महांतप्पानं विचारलं. त्याला खरोखरच उत्सुकता वाटू लागली होती.

"समद्या व्याल्या."

"डोंगर पोखरून उंदीर काढला म्हना," वीरप्पा म्हणाला.

"डोंगर तरी कुठं ऱ्हायला? निस्ते उंदीर ऱ्हायले," महालिंगप्पा म्हणाले. आजच्या दिवसात वीरप्पाशी त्यांचं एवढं एकच मत जुळलं.

मल्लिनाथनं टोपीतल्या उंदराच्या पाठीवरून बोट फिरवलं. सहा महिने तो दर सोमवारी तुळजापूरला जात होता. मंगळवार देवीचा, म्हणून फुलांच्या टोपल्या आदल्या दिवशी उतरतात. तिथून पोतंभर जास्वंद आणायची, सावलीत सुकवायची, चुलीवर काढा करायचा, रोज एकेका मादीला धरून पिचकारीनं पाजायचा. मोटारीतल्या बायका त्याला देवीचा मोठा भक्त समजून नमस्कार करीत.

"तर जास्वंद बाद," तो म्हणाला. "मी प्रोफेसरांना तसं कळवणार हाय. औषध लागू न्हाय."

स्वयंपाकघरात पितळी तांब्या खाली पडला आणि गडगडत उंबऱ्यापर्यंत आला.

शांताक्काच्या हातातली वात तुटली. "अय्यो शिवा!" ती म्हणाली. "मग आता हिचं कसं?"

"कुनाचं?" महालिंगप्पांनी विचारलं.

शांताक्कानं जीभ चावली, पण ती फार उशिरा चावली होती. सगळ्यांच्या नजरा स्वयंपाकघराच्या दाराकडं वळल्या. दाराआडचा पदर हलला नाही.

सगळ्यात आधी मल्लिनाथच्या डोक्यात उजेड पडला. काढ्याची बरणी गारव्याला म्हणून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवलेली असे, आणि ती रोज थोडी कमी भरायची. त्यानं तिच्या कमी होण्याला मोठं शास्त्रीय नाव दिलं होतं. उन्हाळा आहे, वाफ होऊन उडत असेल. पावसाळा लागला तरी उडतच राहिली, तेव्हाही त्याला शंका आली नाही.

"वैनी," तो ओरडलाच, "तुमी काढा पीत हुता? अवो त्ये उंदराचं हाय! माणसाला किती द्यायचं, द्यायचं का न्हाय, कायबी ठरलेलं न्हाय. इखबाधा झाली असती म्हंजे?"

सासऱ्यासमोर शिवगंगा चौदा वर्षांत सरळ एक वाक्य बोलली नव्हती. आज दाराआडून आवाज आला, आणि तो मुळीच बारीक नव्हता.

"तर काय झालं असतं, भाऊजी? मेले असते. त्ये तर डॉक्टरीणबाईंनी आदीच सांगून ठिवलंय."

महांतप्पा आपल्या हाताकडं पाहत राहिला. तो वाईट माणूस नव्हता. बायकोवर त्यानं कधी हात उगारला नव्हता, पेठेतून येताना तिच्यासाठी पेरू आणायचा, पोरांना खांद्यावर घेऊन बोरी नदीवर न्यायचा. त्याला आत्ता राग येत होता तो नेमका कशाचा, हे त्याला समजेना. बायको आपल्यापासून वाचायला औषध पीत होती. तेही उंदराचं! पेठेत कळलं तर धोंडीबा नवीन प्रश्न विचारेल.

"मला सांगायचंस की गं," तो दाराकडं पाहून म्हणाला.

"तुमाला म्या सांगितलं हुतं, दाजी," वीरप्पा आता हसत नव्हता. "सोलापूरच्या दवाखान्यात. आमची शिवा तीन दिस डोळं उघडंना. डॉक्टरीणबाई भाईर आल्या आन् तुमच्या आन् माझ्या म्होरं बोलल्या, सात बाळंतपनं झाली, दोन लेकरं गेली, आता आठवं झालं तर बाई जानार. तुमी मान हालवलीत का न्हाय?"

"हालवली."

"मग?"

"हालवली की," महांतप्पा म्हणाला. "मन लावून हालवली. पर घर हाय, पाव्हणं. खोली एक, हातरूण एक. मानूस किती दिस मान हालवत ऱ्हानार?"

शांताक्काला हसू आलं. ते तिनं पदरात खोकून जिरवलं. महालिंगप्पा छताकडं पाहू लागले. या विषयावर बोलायची त्या सोप्यावर आजवर कुणाची छाती झाली नव्हती. आणि आता पाहुणा, विधवा बहीण आणि उंदीर यांच्यासमोर तो विषय पाय पसरून बसला होता.

"किती दिस वर गेल्यात?" शांताक्कानं दाराकडं वळून हळूच विचारलं. हळूच, म्हणजे सगळ्यांना ऐकू आलं.

"पंधरा," दाराआडून उत्तर आलं.

तेवढ्यात कडेवरचं पोर रडू लागलं आणि शिवगंगा त्याला घेऊन आत गेली.

परसात ऊन पडलं होतं. थोरल्या पोरांनी लिंबाला झोका बांधला होता आणि आधी कोण बसायचं यावरून मारामारी चालली होती. शिवगंगेनं धाकट्याला थोरल्या लेकीच्या मांडीवर टाकलं आणि न्हाणीत जाऊन दार लावलं. तिला जरा वेळ फक्त उभं राहायचं होतं.

ती मरायला भीत होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण बाईनं असं सांगितलं तर लोक म्हणतात, सगळ्याच बायका बाळंत होतात, तुझंच काय नवं? पण सोलापूरच्या त्या खाटेवर शुद्धीवर आल्यावरही तिला दोन दिवस कुणाचा चेहरा आठवला नव्हता. पाचही पोरांचा नाही. स्वतःचं नावही नाही. पुन्हा तिथं जायचं नव्हतं. काढा कडू लागे, तुरट लागे, वास तर उंदराचाच येई. पण रोज देवापुढं दिवा लावला की ती डोळे मिटून वाटीभर प्यायची आणि दिवसभर जरा सरळ चालायची. आता भाऊजी म्हणतात, जास्वंद बाद. आणि पंधरा दिवस वर गेलेत.

ओटीपोटातून कळ आली. सकाळपासून येत होती, तिनं भीतीची म्हणून सोडून दिली होती. तिनं खाली पाहिलं.

मग ती न्हाणीच्या दगडावर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. बाहेर झोक्यावरून थोरला पोरगा पडला होता, त्याचं रडणं मोठं होतं, त्यामुळं हिचं कुणाला ऐकू गेलं नाही.

लिंगायताच्या घरात विटाळ पाळत नाहीत. बसवण्णांनी बाईला कोपऱ्यात बसवणं आठशे वर्षांपूर्वीच मोडून टाकलं. शेजारच्या कुलकर्णीणबाई महिन्याला तीन दिवस बाजूला बसत तेव्हा सगळ्या आळीला कळे की अजून काही नाही. शिवगंगा त्याच दिवशी चूल पेटवी, पूजा करी, दळण दळी, आणि कुणाला काही कळत नसे. धर्म चांगला होता. पण तीन दिवसांची रजा गेली ती गेलीच, असं तिला कधीकधी वाटे. आज मात्र पहिल्यांदाच तिच्या ध्यानात आलं की या घरात ही गोष्ट ती सांगेल तेव्हाच खरी होते.

तिनं लुगडं बदललं. काढलेली हिरवी इरकल धुऊन, पिळून, परसातल्या दोरीवर टाकली. जाताना हिरव्या लुगड्यात गेलेली सून येताना तांबड्यात आली, हे सोप्यातल्या एकाही पुरुषाच्या लक्षात आलं नाही.

आत आवाज चढले होते. ती दाराशी आली तसा मल्लिनाथ अर्धवट उठून तिला विचारू लागला. "वैनी, एवढं सांगा. काढा रोज घेत हुता? एकबी दिस न चुकता?"

"रोज. सोमवार सोडून."

"सोमवार का सोडून?"

"सोमवारी उपास असतोय माझा. तुमच्या काढ्यात भाताची पेज असती. उपासाला भात कसा चालंल?"

मल्लिनाथ मटकन खाली बसला. "अवो वैनी, औषधाला कसला उपास? मधी खंड पडला की..."

"बघा बघा," शांताक्का मध्येच म्हणाली. सुनेची बाजू घ्यायला मिळाली म्हणून तिचा चेहरा उजळला होता. "तिला कशापायी बोलतोस? त्यात काय वंगाळ न्हाय. म्या बी उंदरांना सोमवारी देत नव्हते."

मल्लिनाथनं तिच्याकडं पाहिलं. सोमवारी तो तुळजापूरला जात असे, आणि त्या दिवशी पिंजऱ्यांचं सगळं शांताक्काकडं सोपवलेलं असे.

"काय म्हनलीस?"

"सोमवार बसवण्णाचा वार," शांताक्कानं त्याला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "आपन सोमवारी बैलाच्या मानंवर जू ठिवत न्हाय. मुकं जनावर त्ये. सा दिस राबतंय, एक दिस सुट्टी नगं? मग उंदरानं काय पाप केलं? सोमवारी म्या त्यांना काढा न्हाय, पिचकारी न्हाय, कायबी न्हाय. निवांत ऱ्हावा म्हनायची. गुळाचा खडा घालायची. लई खूश असायचे सोमवारी. आन् एकमेकाला बी सोडायची, काढावाले पेजवाल्यांकडं, पेजवाले काढावाल्यांकडं. पै-पाव्हणं नगं का त्यांना?"

मल्लिनाथनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. टोपी मांडीवरून घसरली, उंदीर सुटला आणि सरळ महांतप्पाच्या धोतराखाली शिरला. पुढचा काही वेळ महांतप्पा सोप्यात ज्या चपळाईनं नाचला, तेवढी चपळाई त्यानं लग्नातही दाखवली नव्हती. उंदीर शेवटी शांताक्काच्या वातीच्या टोपलीत सापडला.

महालिंगप्पांना बहिणीवर ओरडायचं होतं. पण मुद्दा बिनतोड होता. त्यांनी स्वतः आयुष्यात सोमवारी गाडी जुंपली नव्हती.

"म्हंजे," वीरप्पानं विचारलं, "औषध लागू हाय का न्हाय?"

"मला माहीत न्हाय," मल्लिनाथ म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "सहा महिने गेले आन् मला कायबी माहीत न्हाय. लागू असंल, नसंल. सगळं कालवलं गेलं. वैनी, तुमी त्याला हात लावू नका आता. म्या तुमच्या पाया पडतो."

"उंदीर बोरीत सोडा," महालिंगप्पांनी निकाल दिला. "आजच. ईषय संपला."

"तुमचा संपला असंल," वीरप्पा उठून उभा राहिला. "म्या बहिनीला पंचमीला न्यायला आलतो. आता कायमची नेतो. जळकोटला ऱ्हाईल, माझ्या घरात. वापस धाडनार न्हाय."

"आन् पोरं?" महांतप्पा घाबरला.

"पोरं तुमची. तुमी केली, तुमी सांभाळा."

शिवगंगा दाराच्या चौकटीला धरून ऐकत होती. जळकोटला भावजय होती, आणि भावजयीच्या चुलीशी आयुष्य काढणं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. पोरं इथं, ती तिथं. त्यापेक्षा एकच वाक्य बोलायचं होतं. काही नाही, आत्ताच पाळी आली. एवढं म्हटलं की सगळे हुश्श करतील. भाऊ बसेल, सासरे तंबाखू मळतील, नवरा हसेल. आणि रात्री अंथरूण पुन्हा तिथंच पडेल.

तिनं ओठ घट्ट मिटले.

"मल्ल्या," रुद्रम्मा म्हणाल्या.

इतका वेळ त्या स्वयंपाकघर, परस आणि सोपा अशा येरझाऱ्या घालत होत्या. लाह्या भाजायच्या होत्या, पोरांची भांडणं सोडवायची होती. आता त्या सुनेच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"काय, अव्वा?"

"तुझ्या त्या पिंजऱ्यांत निस्त्या माद्यांचा एखादा हाय का? जिथं नर कदी गेलाच न्हाय असा?"

"एक हाय. कोपऱ्यातला. त्याचं दार गंजून बसलंय, शांताक्काला उघडतच न्हाय. चार माद्या हायत."

"त्या व्याल्या का?"

"अव्वा, त्या कशा व्यातील?"

"त्यांना काढा देतोस?"

"न्हाय."

"सोमवारी सुट्टी असती का त्यांना?"

"रोजच सुट्टी हाय त्यांना."

"मग ह्ये औषध लागू हाय," रुद्रम्मा म्हणाल्या. "ह्याला जास्वंद नगं, पेज नगं, तुळजापूरला जायला नगं. महांतप्पा, तुझं हातरूण आज दुकानामागल्या घान्याच्या खोलीत जाईल."

महांतप्पाचं तोंड उघडं राहिलं. "तिथं तर उंदीर हायत."

"सोबत व्हईल."

"लोक काय म्हनतील?" महालिंगप्पा गरजले. "थोरला ल्योक, घर असून दुकानात निजतो?"

"तुमी धा वर्सं दुकानात निजताव. तवा लोक काय म्हनले? मालक हुशार, चोरावर नजर ठिवतो म्हनले." रुद्रम्मांचा आवाज चढला नव्हता, पण शांताक्काचा वाती वळणारा हात थांबला, वीरप्पाही खाली बसला. "तुमी आदीच निजला असता तर बरं झालं असतं. अकरा झाली मला. दोन हितं तुमच्या म्होरं बसल्यात, दोघी दिल्या घरी गेल्या. बाकीची सात कुठं पुरली, ठाव हाय तुमाला? मला हाय. येकयेक जागा ठाव हाय. माझ्या सासूला बी असंच ईचारायला हवं हुतं कुनीतरी, की बाई, पिंजरं येगळं केलं तर काय बिघडतंय?"

त्या दिवशी दुसऱ्यांदा महालिंगप्पांनी नजर खाली घेतली. या वेळी उंदीर समोर नव्हता.

"वीरप्पा," रुद्रम्मा म्हणाल्या, "दुपार कलली की गाडी जुंपा. बहिनीला पंचमीला न्या, झोका खेळू द्या, आन् पुनवंला हितं आनून सोडा. तिचं घर हाय ह्ये. अन् उंदीर कोनी बोरीत सोडनार न्हाय. नागपंचमीला जीव मारत्यात का? त्यांना घान्याच्या खोलीतच ठिवा. भाईर आला एकबी, तर म्या बघून घीन."

"किती दिस, अव्वा?" महांतप्पानं केविलवाण्या आवाजात विचारलं. "किती दिस निजायचं म्या तिथं?"

"मल्ल्याचं औषध लागू हुईस्तवर."

महांतप्पानं धाकट्या भावाकडं पाहिलं. जन्मात पहिल्यांदा त्याला शास्त्रात गोडी वाटू लागली. "मल्ल्या, किती दिस लागतील रे?"

"हैदराबादेत प्रोफेसर बारा वर्सं झाली करत्यात," मल्लिनाथ म्हणाला.

थोड्या वेळानं दुकान पुन्हा उघडलं. धोंडीबा आपल्या ज्वारीवर राखण करत तिथंच बसला होता. त्यानं पाहिलं, घरातून थोरले मालक काखेत वळकटी, हातात तांब्या आणि डोक्यावर उशी घेऊन निघालेत, भर उन्हात, सगळ्या पेठेच्या मधून रस्ता ओलांडतायत. मागून धाकटे मालक दिवा घेऊन. कापडवाला गादीवरून उठून उभा राहिला. पानवाल्याचा हात चुन्यातच राहिला.

"थोरलं मालक," धोंडीबानं विचारलं, "ह्ये आवक म्हनायची का जावक?"

"माप घाल गप," महांतप्पा म्हणाला. मग दारात थांबून भावाला हळूच म्हणाला, "मल्ल्या, ह्या सोमवारपासून काढा म्या पाजतो. शांताक्काला फिरकू दिऊ नको."

घरात चुलीवर लाह्या फुटू लागल्या होत्या. शिवगंगा परातीशी बसली होती. हात चालत होते, पण मान वर करायचा धीर होत नव्हता. आपण खोटं बोललो नाही, एवढंच ती मनाशी घोकत होती. विचारलं तेव्हा पंधरा दिवस खरंच वर गेले होते. त्यानंतर कुणी विचारलंच नाही.

रुद्रम्मांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि सुनेकडं न बघता म्हणाल्या, "दोरीवरची इरकल आत घे. वाळली नसंल तरी घे. हिरवीगार हाय, शांताक्काला लांबून बी दिसंल, आन् तिच्या पोटात काय ऱ्हात न्हाय."

शिवगंगेचा हात परातीतच थांबला.

"आन् ओवा खा चिमूटभर. गाडी जुंपायला येळ हाय, तवर खोलीत जाऊन पड." रुद्रम्मांनी लाह्यांवरून हात फिरवला. "कडी घाल आतनं. लई दिसांत घातली न्हाय कोनी, गंजली असंल. जरा जोर लाव."